मोठ्यांसाठी कोरलेली गोष्ट

प्राण्यांच्या गोष्टी मुलांसाठी असतात हे आपण इतके गृहीत धरले आहे, की एखादा प्रौढ माणूस त्यांत रमला तर त्याचे कारण शोधावे लागते. ते कारण बहुतेक वेळा एकच सांगितले जाते : त्याच्यातले लहान मूल जागे झाले. सचित्र बालकथेची मोठ्यांना वाटणारी ओढ ही सरलेल्या बालपणाची ओढ असते, असे हे म्हणणे आहे. ऐकायला गोड आहे, पण मला ते पटत नाही. ते खरे असते तर अशा गोष्टींनी माणसाला नुसते सुख दिले असते. प्रत्यक्षात त्यांतल्या उत्तम गोष्टी प्रौढ वाचकाला अस्वस्थ करतात, आणि तरीही तो त्यांच्याकडे परत परत जातो. ही अस्वस्थता कुठून येते हे समजून घ्यायचे तर आपल्याकडच्या सर्वांत जुन्या सचित्र प्राणिकथांकडे, म्हणजे बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या जातककथांकडे जावे लागते. आणि त्यांच्याकडे जाणारी एक वाट जालना जिल्ह्यातल्या भोकरदनवरून जाते.

केळणा नदीच्या काठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. प्रतिष्ठानहून, म्हणजे आजच्या पैठणहून, उत्तरेकडे उज्जैनला जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे हे सातवाहनकालीन नगर. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केले. त्यात सापडलेल्या वस्तूंमध्ये हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुटका भाग होता. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली होती. तिच्याशी भोकरदनच्या तुकड्याचे इतके साम्य आहे की पाँपेईची मूर्ती याच परिसरात घडली असावी, असे काही अभ्यासकांनी सुचवले. मूर्ती कुठे घडली याचा निकाल लागो न लागो, हस्तिदंताचे बारीक काम या नगराला ठाऊक होते एवढे निश्चित. आणि या नगराचे नाव आणखी एका ठिकाणी भेटते. मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत. कुणी दगडाचा एक तुकडा दिला, कुणी कठड्याचा भाग दिला, आणि त्यावर आपले नाव-गाव घातले. नाशिक आणि कऱ्हाड इथल्या माणसांनी अशीच दाने भारहूतच्या स्तूपाला दिली. ही सगळी कमावती, व्यवहारात मुरलेली माणसे होती.

सांचीच्या दक्षिण तोरणाच्या एका खांबावर लेख आहे की हे शिल्पकाम विदिशेच्या दंतकारांनी केले. दंतकार म्हणजे हस्तिदंताचे कारागीर. याच तोरणाच्या मधल्या आडव्या तुळईच्या मागच्या बाजूला षड्दंत जातक कोरलेले आहे. कमळांच्या तळ्यात विहरणारे हत्ती, मध्ये वडाचे झाड, आणि एका टोकाला धनुष्य सज्ज केलेला शिकारी. सुळ्यांसाठी मारल्या गेलेल्या हत्तीची ही गोष्ट आहे. म्हणजे ज्यांचा चरितार्थ हत्तीच्या दातावर चालतो अशा माणसांनी एका तोरणाला आपले कसब दिले, आणि त्याच तोरणावर दातांपायी जीव गेलेल्या हत्तीचे चित्र उभे राहिले. ती तुळई त्यांनीच कोरली असे लेख सांगत नाही, आणि तसे मी म्हणतही नाही. पण तोरणाखालून ये-जा करताना ते चित्र त्यांच्या नजरेस पडतच असणार. मुलांना गंमत वाटावी म्हणून काढलेले हे चित्र नव्हे. पाहणाऱ्याचा त्या गोष्टीशी असलेला संबंध त्याच्या हातातल्या हत्यारापर्यंत पोचलेला होता.

ती गोष्ट पाली जातकात जशी आहे तशी नीट पाहण्याजोगी आहे. हिमालयातल्या एका तळ्याकाठी षड्दंत नावाचा गजराज आपल्या दोन राण्यांसह राहत होता. एकदा त्याने फुललेल्या शालवृक्षाला सहज धडक दिली. वारा असा होता की फुले आणि परागकण थोरल्या राणीवर पडले, आणि धाकटीच्या अंगावर वाळक्या काटक्या, जुनी पाने आणि तांबड्या मुंग्या. त्याने हे मुद्दाम केले नव्हते. पुढे कुणीतरी आणून दिलेले मोठे कमळ त्याने थोरलीला दिले, आणि धाकटीच्या मनात अढी पक्की झाली. तिने अन्न सोडून प्राण सोडला, पुढच्या जन्मी वाराणसीच्या राजाची राणी झाली, आणि आजाराचे सोंग घेऊन तिने षड्दंताचे सुळे मागितले. सोणुत्तर नावाच्या शिकाऱ्याने खड्ड्यात लपून विषारी बाण मारला. हत्तीने त्याला पकडले, पण त्याच्या अंगावरचे काषाय वस्त्र पाहून हात आवरला. शिकाऱ्याला सुळे कापता येईनात, तेव्हा हत्तीने स्वतः सोंडेत करवत धरून ते कापून दिले. सुळे वाराणसीला पोचले. राणीने ते मांडीवर घेतले, ज्याच्यावर एके काळी प्रेम केले त्याची आठवण तिला आली, आणि त्या दुःखात ती मेली. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातल्या भिंतीवर, जी ख्रिस्तपूर्व काळातली मानली जाते, सुळे पाहून कोसळणारी ही राणी आजही ओळखू येते.

या गोष्टीत दुष्ट कोण? मुलांच्या पुस्तकात उत्तर सोपे असते : शिकारी, किंवा मत्सरी राणी. पण वाळकी पाने आणि मुंग्या हा तपशील नीट वाचला की उत्तर सोपे राहत नाही. धाकटीला झालेला अपमान खोटा नव्हता, फक्त तो कुणी केलेला नव्हता. घरात, भावकीत, कचेरीत अर्ध्याहून अधिक वैरे अशाच तांबड्या मुंग्यांपासून सुरू होतात हे कळायला आयुष्याची काही वर्षे जावी लागतात. आणि इथेच जातकाची खरी रचना कामाला येते. प्रत्येक जातकाच्या आधी वर्तमानातला एक प्रसंग असतो, मग भूतकाळाची कथा येते, आणि शेवटी समोधान येते. त्यात बुद्ध सांगतो की त्या वेळचा अमुक म्हणजे आजचा तमुक. षड्दंताच्या कथेचा वर्तमान प्रसंग असा : श्रावस्तीची एक तरुण भिक्षुणी धर्मोपदेश ऐकत बसली आहे. बुद्धाकडे पाहताना तिला वाटते, मागच्या एखाद्या जन्मी मी याची पत्नी होते का? तिला आठवते की होते, आणि ती आनंदाने हसते. मग तिच्या मनात येते, मी त्याच्याशी चांगली वागले का वाईट? तेही तिला आठवते, आणि ती सभेत मोठ्याने रडू लागते. भिक्षू विचारतात आणि बुद्ध गोष्ट सांगतो. गोष्टीच्या अखेरीस राणी कोण हे उघड होते. ती राणी तिथेच, ऐकणाऱ्यांमध्ये बसलेली असते.

माझा सगळा मुद्दा या रचनेवर उभा आहे. माणसांची गोष्ट ऐकताना आपण ऐकण्याआधीच निकाल दिलेला असतो. पात्राचे आडनाव, गाव, नाते, जात, हुद्दा कळला की मन बाजू घेते. आणि पात्र आपल्यासारखे असेल तर बचावाला उभे राहते. हत्ती, माकड, लावा यांच्या गोष्टीत हा पूर्वग्रह चालत नाही. आपण बेसावध असतो, म्हणून निवाडा सरळ करतो. आणि तो करून झाला की गोष्ट विचारते : आता सांग, हा कोण होता? समोधान हा निवाडा ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या पदरात टाकते. मुलाला हा तिसरा भाग नकोसा असतो आणि लागूही पडत नाही, कारण त्याच्या पाठीशी अजून पुरेसा भूतकाळ नसतो. प्रौढाच्या पाठीशी तो असतो. म्हणून प्राणिकथेत मुलाला गोष्ट मिळते आणि मोठ्याला त्याच गोष्टीत आपली जागा दिसते. ओढ आहे ती या जागेची. ती अवघड असूनही आपण तिथे जातो, कारण स्वतःविषयी खरे सांगणारी फार थोडी माणसे आपल्या भोवती उरलेली असतात.

चित्राचे काम इथेच येते. गोष्ट सांगताना शेवटाकडे जावेच लागते. चित्र तसे जात नाही. भारहूतचा कठडा ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला. अलेक्झांडर कनिंगहॅमला तो १८७३ साली सापडला आणि पुढे कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेला. त्याच्यावर महाकपी जातकाचे एक गोल शिल्प आहे. माकडांच्या राजाने आपल्या देहाचाच पूल केला आहे, त्याच्यावरून बाकीची माकडे पलीकडे चालली आहेत, खाली माणसे कापड ताणून त्याला झेलायला उभी आहेत, आणि त्याच वर्तुळात राजा आणि महाकपी समोरासमोर बसून बोलतही आहेत. आधीचे आणि नंतरचे एकाच नजरेत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातही हीच कथा आहे, आणि तिथली बरीच चित्रे प्रसंगांच्या क्रमापेक्षा स्थळांनुसार मांडली आहेत, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. जंगलातले सारे एकीकडे, राजवाड्यातले सारे दुसरीकडे. ज्याला गोष्ट ठाऊक नाही त्याला अशा चित्रावरून ती कळणे कठीण आहे. म्हणजे ही चित्रे गोष्ट सांगण्यासाठी नव्हती. ती ज्याला गोष्ट आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी होती. शेवट माहीत असलेला माणूस चित्रापुढे हव्या त्या क्षणापाशी थांबू शकतो : बाण सुटण्याआधी, सुळे मांडीवर आल्यानंतर, किंवा महाकपीच्या पाठीवरून सगळे जात असताना. पाली कथेप्रमाणे त्यांतल्या एका माकडाने मुद्दाम उंचावरून उडी मारून त्या राजाचे काळीज फोडले. तो देवदत्त, म्हणजे बुद्धाचा चुलतभाऊ आणि विरोधक होता. पुलावरून जाणाऱ्या त्या रांगेत आपण कुठले, हा प्रश्न चित्रापुढे बराच वेळ उभे राहणाऱ्यालाच पडतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ही सगळी अडाणी लोकांसाठी केलेली धर्माची प्रचारचित्रे होती; तत्त्वज्ञान पंडितांना आणि ससे-हत्ती सामान्यांना, अशी विभागणी होती. पुरावा याच्या विरुद्ध आहे. भारहूत आणि सांची इथल्या दात्यांमध्ये भिक्षू आणि भिक्षुणी मोठ्या संख्येने आहेत. भारहूतच्या लेखांत काहींच्या नावापुढे पेटकी, पंचनेकायिक, भाणक अशी विशेषणे आहेत. म्हणजे ज्यांना पिटके आणि निकाय मुखोद्गत होते अशी ही माणसे. धर्माचे सूक्ष्मातले सूक्ष्म विवेचन ज्यांना उपलब्ध होते, त्यांनीच लावा आणि बेडूक कोरलेल्या कठड्यासाठी पदरचे दिले. ज्ञान वाढल्यावर प्राणिकथा मागे टाकायची असते, असे त्यांना वाटलेले दिसत नाही.

दुसरा आक्षेप बालपणाचा आहे, आणि त्याला आधुनिक उदाहरणाचा आधार दिला जातो. १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झालेल्या आंत्वान द सँतेक्झुपेरीच्या 'लिटल प्रिन्स'ला लेखकाने स्वतः चित्रे काढली, आणि पुस्तक एका मोठ्या माणसाला अर्पण केल्याबद्दल मुलांची क्षमा मागितली. अजगराच्या पोटातला हत्ती मोठ्यांना टोपी वाटतो, ही त्यातली सुरुवात सर्वांना आठवते. यावरून लोक म्हणतात की पुस्तक आपल्याला पुन्हा मूल व्हायला सांगते. पण त्या पुस्तकातला राजपुत्र आपल्या फुलाला सोडून निघालेला आहे, आणि त्या फुलाशी आपण कसे वागलो हे त्याला दूर गेल्यावर कळते. हा अनुभव मुलाचा नाही. ज्याने कुणाला तरी सोडले आहे त्याचा आहे. मोठी माणसे त्या पुस्तकापाशी थांबतात ती या फुलापाशी. अजगराचे चित्र दाराशी आहे, आत बसलेला प्रश्न श्रावस्तीच्या भिक्षुणीचाच आहे : मी त्याच्याशी चांगली वागले का वाईट?

तिसरा आक्षेप याहून कितीतरी भारी आहे, आणि मराठवाड्यात तो टाळून जातकांवर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. समोधान पुनर्जन्मावर उभे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आत्म्याच्या संक्रमणाची कल्पना नाकारली, आणि पूर्वजन्मीच्या कर्मानुसार या जन्मीची स्थिती ठरते या सिद्धान्ताचा हेतू काय असू शकतो हेही स्पष्ट सांगितले : गरीब आणि दलित यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, यासाठी तो सिद्धान्त उपयोगी पडतो. हा आक्षेप मला संपूर्ण मान्य आहे. जातकांच्या संग्रहात आणि त्यांच्या भोवतीच्या परंपरेत कर्माचा असा वापर करणारी स्थळे नाहीत असे म्हणता येणार नाही. आणि कथा सांगणाऱ्यांना पुनर्जन्म अक्षरशः खरा वाटत होता, तो रूपक म्हणून हळूच बाजूला सारणेही योग्य नव्हे. मग १९५६ च्या धर्मांतरानंतरच्या बौद्ध वाचकाने षड्दंताची गोष्ट का वाचावी?

माझे उत्तर असे की षड्दंताच्या कथेत पूर्वजन्म ज्या दिशेने काम करतो ती दिशा पाहावी. बाबासाहेबांनी ज्यावर घाव घातला तो सिद्धान्त दुःखी माणसाला म्हणतो, तुझे हाल तुझ्याच जुन्या पापामुळे. इथे भूतकाळ कुणाच्या हालअपेष्टांचे समर्थन करायला आलेला नाही. तो सुखाने धर्म ऐकत बसलेल्या एका व्यक्तीला तिने दुसऱ्याला दिलेल्या दुःखाची आठवण करून देतो. पहिला सिद्धान्त जबाबदारी काढून घेतो, ही कथा जबाबदारी देते. आणि देऊन तिला तिथेच खिळवून ठेवत नाही, कारण पाली कथा सांगते की ती भिक्षुणी पुढे अर्हत झाली. 'राणी ती मीच' असे म्हणण्यासाठी जन्मांतर मानावे लागत नाही. या जन्मात मागे टाकलेली दहा-वीस वर्षे पुरतात.

हे नुसते माझे सोयीचे वाचन नाही, याला आपल्याच भाषेत आधार आहे. भोकरदन तालुक्यातच जयदेववाडीला जाळीचा देव हे महानुभावांचे तीर्थस्थान आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टान्त केसोबासांनी 'दृष्टान्तपाठा'त एकत्र केले. तिथे प्रत्येक ठिकाणी आधी सूत्र आहे, मग दृष्टान्त, आणि मग दार्ष्टान्तिक, म्हणजे गोष्ट कुणाला आणि कशी लागू ती सांगणारा भाग. हत्ती चाचपणारे जन्मांध तिथेही आहेत. समोधानाचे काम इथे दार्ष्टान्तिक करते, आणि तिथे कुणाचाही मागचा जन्म काढावा लागत नाही. ऐकणारे महदाइसेसारखे आणि म्हाइंभटासारखे तयारीचे लोक होते. उलट जिथे हा तिसरा भाग गळतो तिथे काय होते ते पंचतंत्रात दिसते. तिथल्या गोष्टी चतुर आहेत, व्यवहारात उपयोगी आहेत, पण त्या जगात कसे वागावे हे शिकवतात. तू कोण होतास, असे विचारत नाहीत. आपल्या बालसाहित्यात जातके आली ती बहुधा याच छाटलेल्या रूपात, वर्तमान प्रसंग आणि समोधान वगळून. मग ती मुलांची वाटू लागली यात नवल नाही. दुर्गा भागवतांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने मराठीत आणलेला संग्रह म्हणूनच मला मोलाचा वाटतो. तो प्रौढ मराठी वाचकासाठी आहे.

एक आक्षेप मात्र अजून उरतो, आणि तो मला सर्वांत जास्त छळतो. मरता मरता स्वतःचे सुळे कापून देणारा हत्ती, पाठ मोडेपर्यंत पूल झालेले माकड : हे आदर्श दुबळ्यांना सोसायला शिकवत नाहीत का? ज्यांच्याकडून पिढ्यान् पिढ्या घेतलेच गेले, त्यांच्यापुढे आपणहून देणाऱ्या हत्तीचे चित्र ठेवणे क्रूर नाही का? फक्त षड्दंत आणि महाकपी कोरले असते तर मी हा आरोप मान्य केला असता. पण भारहूतच्या त्याच कठड्यावर, खाली नाव घालून, लटुवा जातकही कोरलेले आहे. एका लाव्याच्या मादीने हत्तींच्या वाटेवर घरटे केले. कळपाच्या नायकाने पिल्लांवर उभे राहून त्यांना वाचवले आणि मागून एक एकटा हत्ती येईल असे सावध केले. तो आला, तिने विनवले, आणि त्याने पिल्ले चिरडली. मग तिने कावळा, माशी आणि बेडूक यांना गाठले. कावळ्याने हत्तीचे डोळे फोडले, माशीने जखमांत अंडी घातली, आणि तहानेने व्याकूळ झालेल्या आंधळ्या हत्तीला बेडकाने डोंगरमाथ्यावरून ओरडून कड्याकडे ओढले. शिल्पात तो डोके खाली होऊन कोसळताना दिसतो. कथेच्या गाथेत वैर करू नये असा उपदेश आहे, पण तो लाव्याला केलेला नाही. चौघा क्षुद्र जीवांनी काय केले ते पाहा आणि कुणाशीही वैर धरू नका, असे ती म्हणते, म्हणजे रोख बळवंताकडे आहे. समोधानात बुद्ध कळपाचा नायक होता आणि एकटा हत्ती देवदत्त होता, एवढेच येते. तिची पिल्ले गेली, तिने सूड घेतला, आणि ती कोण होती हे कथा सांगत नाही, तिला दोष देत नाही की माफी देत नाही. ती जागा जातकाने मोकळी सोडली आहे, आणि भारहूतच्या शिल्पकाराने तिला सर्व प्रसंगांसकट दगडात जागा दिली आहे.